दुरुस्तीचा हक्क आहे, पण खरा सुटा भाग कुठे मिळेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात दुरुस्तीच्या हक्कावर लेख आला होता. जुनी वस्तू टाकू नका, दुरुस्त करून वापरा, हे त्यातलं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण दुरुस्तीला बसलेल्या माणसाचं घोडं नेमकं कुठे अडतं, ते त्यात आलं नाही. या महिन्यात मला ते चांगलंच कळलं, म्हणून हे पत्र.

मी १९८१ साली आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड पूर्ण केला. वर्गात आम्ही दोघीच मुली. पुढे तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली, त्यातली बारा वर्षं एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये. एक्स्चेंज ४८ व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालतं. त्या डीसीत एसीचा, म्हणजे घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा, थोडा जरी अंश राहिला, तरी गावभर लोकांच्या रिसीव्हरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. सप्लाय स्वच्छ हवा, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं आहे.

आमच्या घरी पायोनियरचा स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र) आहे. थोरल्या दिरांनी १९८२ साली मस्कतहून आणलेला, लाकडी झाकणाचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. सासूबाई ८९ वर्षांच्या आहेत. सकाळी त्यावर १२५१ किलोहर्ट्झवर सांगली आकाशवाणी लावल्याशिवाय त्यांचा चहा होत नाही. गेल्या पावसाळ्यापासून त्याला हमिंग सुरू झालं. त्यांच्या कानाला यंत्र आहे, त्यात ते आणखी घुमायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे गं, बंदच करून टाक." ते मला बघवेना.

आवाजाची कळ शून्यावर आणली तरी घूं तशीच. म्हणजे दोष स्टेशनचा नाही, सप्लायचा, म्हणजे यंत्राला आतून वीज पुरवणाऱ्या भागाचा. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून ती गेली की १०० सायकलचे उंचवटे तयार होतात. ते भरून काढायचं काम वीज साठवणाऱ्या दोन मोठ्या कपॅसिटरांचं, ज्याला आम्ही कंडेन्सर म्हणायचो. ४० वर्षांनी आतलं रसायन वाळतं आणि उंचवटे तसेच पुढे जातात. झाकण काढलं, रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले (प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज राहतो, हे नवशिक्यांनी विसरू नये), आणि सोडवून मोजले. छापलेलं १०,००० मायक्रोफॅरड (साठवणीचं माप), ५० व्होल्ट (सोसायची मर्यादा). एक भरला ७,८००, दुसरा ३,१००.

इथवर काम सोपं होतं. या जुन्या यंत्राचं मला फार कौतुक वाटतं. प्रत्येक भाग वेगळा, त्याच्या अंगावर त्याचं माप छापलेलं, स्क्रू पाना लावला की सुटणारे. ज्याने हे बनवलं त्याने पुढच्या दुरुस्त करणाऱ्याचा विचार केला होता.

भाचा कामासाठी शहरात जाणार होता, त्याला तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून दोन कपॅसिटर आणायला सांगितले. नामांकित कंपनीचं नाव, १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १४० रुपयाला एक. बिल नाही. हातात घेतला तेव्हाच तो हलका वाटला. लावण्याआधी मोजायची सवय आहे, म्हणून मोजला. २,१८०. दुसरा २,०९०. मीटरची चूक असेल म्हणून शेजारच्या पंखेवाल्याचा मीटर आणला, त्यातही तेच.

मग एक कपॅसिटर व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने आडवा कापला. बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात आणखी एक लहान कपॅसिटर निघाला, अंगठ्याएवढा, स्वतःच्या प्लॅस्टिकच्या सालीसकट. दोन बारीक तारांनी तो बाहेरच्या पायांना जोडलेला होता. उरलेला डबा रिकामा. लहान्याच्या अंगावर स्पष्ट छापलेलं होतं : २,२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. माझ्या रिसीव्हरमध्ये तिथे ३८ व्होल्ट येतात. न मोजता लावला असता, तर तो तापला असता आणि फुटला असता, तोही सासूबाईंच्या खाटेपासून दोन हातांवर.

दुकानदाराला फोन केला. पैसे परत दिले त्याने, पण म्हणाला, "ताई, आम्हालाही माल असाच येतो. सगळीकडे हाच आहे."

अखेर अधिकृत वितरकाकडून मागवले. बिलावर कंपनी आणि बॅच नंबर, ४१० रुपयाला एक, कुरिअर वेगळं. आता कपॅसिटर आकाराने लहान झाले आहेत, जुन्या पट्ट्यात तो ढिला बसत होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट केला. ट्यूनरच्या (स्टेशन पकडणाऱ्या भागाच्या) रेग्युलेटरवरचे, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागावरचे, लहान कपॅसिटरही बदलले. तिथे १३ व्होल्टऐवजी साडेनऊच येत होते. घरी रात्री २४५ व्होल्ट येतात, म्हणून मागची व्होल्टेज निवडायची कळ २२० वरून २४० वर नेली. मग सिरीज बोर्डावर १०० वॉटचा साधा बल्ब लावून चालू केला (आत शॉर्ट असेल तर बल्बच जास्तीची वीज अडवतो). बल्ब भक्कन पेटला, मंदावला, आणि चारपाच सेकंदांनी आत स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा 'टक्' आवाज झाला. तो 'टक्' ऐकून जे समाधान वाटलं ते दुरुस्ती करणाऱ्यांनाच कळेल. सप्लायवरचा एसी आधी ०.३१ व्होल्ट होता, आता ०.०४. घूं गेली.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी धरली. चांगलं पाऊल आहे. पण हक्क घेऊन मी बाजारात गेले आणि हातात रिकामा डबा आला, तर त्या हक्काचं मी काय करू?

आमच्या मिरजेत भोपळा तडकला म्हणून तंबोरा कुणी टाकत नाही, भोपळा बदलतात. पण तो कारागीर भोपळा हातात घेऊन, टिचकी मारून पारखू शकतो. कपॅसिटरला टिचकी मारून काही कळत नाही. भाजीवालीच्या तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का लागतो, पाव किलोत दहा ग्रॅम कमी भरले तर ती दोषी. मग १०,००० लिहून २,२०० विकणाऱ्याला कुणीच कसं विचारत नाही? सुट्या भागांच्या प्रत्येक दुकानात काउंटरवर कपॅसिटन्स मीटर ठेवणं सक्तीचं करा. गिऱ्हाइकासमोर मोजून द्या, बिलावर कंपनी आणि बॅच लिहा. मीटर काही फार महाग येत नाही. बाजाराजवळच्या आयटीआयने आठवड्यातून एक दिवस लोकांना भाग तपासून दिले, तर मुलांचाही हात बसेल.

कापलेला कपॅसिटर, आतल्या लहान्यासकट, मी डबीत घालून ठेवला आहे. संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांना पाहायचा असेल, तर बोलावतील तिथे मी स्वतः घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, मिरज