आबा, इथे कारखान्याचं पाणी असं तपासतात

स्ट्रॅटफर्ड, तारानाकी (न्यूझीलंड)
८ मार्च

ति. आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की औदुंबरच्या डोहाच्या खालच्या अंगाला मासे तरंगले, प्रदूषण मंडळाची माणसं बाटल्या भरून घेऊन गेली, आणि पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. "तुमच्याकडे असं झालं तर काय करतात?" असं तुम्ही विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. दिगूकाकांनाही वाचून दाखवा. ग्रामसभेत विषय काढणार म्हणत होते ना ते.

इथे नद्या, ओढे, हवा, किनारा हे सगळं प्रादेशिक परिषद बघते. ती लोकांनी निवडून दिलेली असते. १९८९ साली या परिषदा झाल्या तेव्हा त्यांच्या हद्दी बऱ्याचशा नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या. म्हणजे नदी डोंगरात उगवते तिथपासून समुद्राला मिळते तिथपर्यंत जबाबदार कार्यालय एकच. आपल्याकडे कृष्णा महाबळेश्वरहून निघते, तर साताऱ्याचं पाणी प्रदूषण मंडळाच्या पुणे विभागाकडे आणि सांगलीचं कोल्हापूर विभागाकडे. वरून आलं की खालून आलं, हा वाद मग कधी मिटतच नाही.

मी ज्या डेअरीत पंप-मोटारींचं काम बघतो, तिला शेजारच्या ओढ्यात पाणी सोडायचा परवाना आहे. परवान्यात अटी आहेत: दिवसाला किती पाणी सोडायचं, किती गरम चालेल, आणि ओढ्यात ते मिसळून गेल्यावर ठरलेल्या अंतरापुढे काय दिसता कामा नये. फेस नको, तवंग नको, रंग बदललेला नको, वास नको, जलचरांना इजा नको. हे १९९१ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि दूध म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाते त्यावरून तिचं माप काढतात, त्याला बीओडी म्हणतात. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातो आणि निव्वळ दुधाचा लाखाच्या घरात. आपल्याकडे नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅमची. मळी आली की मासे पहाटे वर तोंड काढून का तडफडतात, तेही यातच आलं. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं, आणि मळी कुजवणारे जंतू उरलेला संपवतात.

गेल्या महिन्यात परिषदेची एक बाई तपासणीला आली होती. पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातच, त्या मुद्दाम येतात. मी पंपहाउसजवळ होतो, तर तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत गेलो. मांडीपर्यंत रबरी बूट घालून ती पाण्यात उतरली, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळं धरलं आणि पायाने तळाचे गोटे ढवळायला लागली. जाळ्यात आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. आधी नुसता गाळ आणि पानांचा चुरा दिसला, मग तो हलायला लागला. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, वाळूच्या कणांचं घर अंगाभोवती बांधून राहणारे किडे, लाल किडे, गोगलगायी. डेअरीचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या आमच्या नळाच्या वर एकदा आणि खाली दोनदा, असं तिने तीन ठिकाणी केलं.

मी विचारलं, किडे कशाला, बाटली पुरत नाही का? ती म्हणाली, बाटली फक्त त्या क्षणाचं सांगते. हे किडे इथे महिनोन्‌महिने राहतात. रात्री कुणी गुपचूप घाण सोडली तर सकाळपर्यंत पाणी स्वच्छ होऊन जातं, पण नाजूक जातीचे किडे गेलेले असतात आणि ते लगेच परत येत नाहीत. प्रत्येक जातीला १ ते १० गुण असतात, नाजूक असेल त्याला जास्त. सरासरी काढून २० ने गुणायचं. १२० च्या वर गेलं तर ओढा उत्तम, ८० च्या खाली आला तर वाईट. ही पद्धत १९८५ साली इथल्याच, तारानाकीच्या दगडगोट्यांच्या ओढ्यांसाठी बसवली आणि पुढे देशभर गेली. वरचे गुण चांगले आणि खालचे वाईट निघाले, तर बोट सरळ नळाकडे जातं. मला तर हे फार पटलं आबा. रात्रीच्या अंधारात पाणी सोडतात ही आपली सगळ्यांची जुनी तक्रार, आणि पकडायचं कसं हाच प्रश्न.

तपासणीचा खर्च कारखान्याकडूनच वसूल होतो. जो वापरतो त्याने भरायचं. कारखान्याचे स्वतःचे नमुने असतात तेही परिषदेला द्यावे लागतात, पण नुसते त्यावर भागवत नाहीत. एकच नमुना दोघांच्या प्रयोगशाळेत घालून आकडे जुळतात का बघतात.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. जुलै ते जून असं वर्ष धरून प्रत्येक मोठ्या कारखान्याचा वेगळा अहवाल निघतो. तो कुणालाही वाचता येतो, आणि शेवटी श्रेणी असते: उच्च, चांगली, सुधारणा आवश्यक, वाईट. मागे एकदा आमच्याकडे गळक्या व्हॉल्व्हमुळे दुधाळ पाणी पावसाच्या गटारात गेलं. परिषदेने लेखी हुकूम बजावला, आणि त्या वर्षीच्या अहवालात "सुधारणा आवश्यक" असं छापून आलं. दुसऱ्याच आठवड्यात गटारावर झडप बसली. ती झडप आम्ही वर्षभर मागत होतो!

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. नळातून येणारं पाणी सापडतं, पण हजारो गाईंच्या शेण-मुताचं आणि खताचं जे रानातून झिरपतं त्याला नळच नाही. त्याने कित्येक नद्या बिघडल्यात आणि त्यावर भांडणं चालूच आहेत.

आता आपलं. बाटल्या आपल्याकडेही भरतात, कायदाही आहे. साखर कारखान्यांना आणि डिस्टिलऱ्यांना सांडपाणी मोजणारे ऑनलाइन मीटर बसवायला केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१४ सालीच सांगितलंय. अडतं ते अहवाल गावापर्यंत येण्यात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाला कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि ज्याला त्या पाण्याची झळ बसते त्याला ती बघायचा हक्क आहे. दिगूकाकांना सांगा, ग्रामसभेत नुसता निषेधाचा ठराव करू नका. वरच्या अंगाच्या प्रत्येक कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाने दिलेला परवाना, आणि परवाच्या नमुन्यांचे आकडे सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. नमुने कुठे भरले, किती वाजता भरले, कारखान्याच्या वर एक आणि खाली एक असे भरले का, हेही विचारा. फक्त मासे मेलेल्या जागेचं पाणी घेतलं असेल तर त्यावरून दोषी कोण ते ठरणार नाही.

संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावरही असतात. सुहासला काढून द्यायला सांगा, त्याला जमेल. आणि पुढच्या वेळी पाणी काळं दिसलं की तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवायला घाटावरच्या पोरांना सांगा, म्हणजे तक्रारीला जोडता येतील. अर्जाचा मजकूर मी लिहून पाठवतो. तुम्ही वाचून काय बदलायचं ते कळवा.

आईचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पुरत्या घ्यायला लावा, मधेच सोडू देऊ नका.

तुमचा,
विजय