त्या दर्शिनीवाल्याचे पाच रुपये

सोलापूर,
मंगळवार, दुपार

चि. सिद्धूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून, बंगळुराहून, सुखरूप पोचलो. उद्यान एक्स्प्रेसमध्ये गुंटकलला एका चहावाल्यानं ओरडून उठवलं, त्यानंतर झोप नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईनं विचारलं, "पोरगं जेवतंय का नीट?" मी म्हटलं, जेवतंय. खोटं बोललो नाही, पण पुरतं खरंही नव्हतं, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर "हो अप्पा, हो अप्पा" करत तू मीटिंगमध्ये गेला असतास.

तुझ्या ओट्याखाली ॲपवरून मागवलेल्या जेवणांच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांची चळत आहे. तू ऑफिसला गेल्यावर मी ते मोजले. एक्केचाळीस. झाकणं वेगळी, एका पिशवीत. धुऊन-पुसून ठेवलेत, त्याबद्दल आईला बरं वाटेल. पण त्या एक्केचाळीस जेवणांपैकी एक तरी कुणी केलं, कुठल्या भटारखान्यात केलं, हे तुला सांगता येईल का? महिन्याचा आकडा तू सांगितलास तेव्हा मी गप्प बसलो. पैसा तुझा आहे, तू कमावतोस. मला खटकलं ते वेगळंच. अकरा महिने तू बंगळुरातल्या बीटीएम भागात राहतोस आणि तुला तुझ्या मागची गल्ली माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी बाहेर पडलो, तुला आठवत असेल, तू पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंस. तुझ्या गेटातून डावीकडे, मग पिंपळाच्या पाराला वळसा घालून तिसरी गल्ली. शटर अर्धं वर, आतून वाफ येतेय, आणि बाहेर पाच-सहा म्हातारे मफलर गुंडाळून उभे. मी मनात म्हटलं, झालं काम. पेन्शनर मंडळी ज्या हॉटेलाच्या दारात सकाळी सकाळी उभी असतात तिथं डोळे मिटून जावं. त्यांना पैसा जपायचा असतो आणि पोटही जपायचं असतं, आणि चुकलं तर मालकाला तिथल्या तिथं झापायला त्यांच्याकडे वेळही भरपूर असतो.

ती दर्शिनी होती. खुर्ची नाही, वेटर नाही. गल्ल्यावर पैसे दे, चिठ्ठी घे, काउंटरवर ठेव, ताटली उचल आणि छातीएवढ्या उंच स्टीलच्या टेबलाशी उभ्यानं खा. असली पहिली दर्शिनी १९८३ साली जयनगरात निघाली म्हणतात, म्हणजे तुझ्या खोलीपासून फार लांब नाही. स्वस्त का पडतं, बघ. बसायला जागाच नाही, म्हणून गाळा लहान, भाडं कमी. उभं राहून कुणी तासभर गप्पा मारत नाही, दहा मिनिटांत टेबल मोकळं. पदार्थ दहा-बारा, त्यातले निम्मे एकाच पिठाचे. शिळं उरायला वावच नाही. दोन इडल्या, एक वडा आणि कॉफी, मिळून पासष्ट रुपये. तुझ्या त्या ॲपवर तेवढ्यात डब्याचे आणि आणून देण्याचे पैसे होतात, इडली अजून यायचीच असते.

इडली मऊ होती, वड्याला मध्ये भोक होतं पण आत तेल नव्हतं. चटणीकडे मात्र मी जास्त वेळ बघत बसलो. लहान पातेलं, दर वीस मिनिटांनी आतून भरून येत होतं. नारळाच्या चटणीचं मोठं पिंप ज्या हॉटेलात दिसेल तिथं दुपारनंतर पाऊल टाकू नकोस.

हे मला कुणी शिकवलं नाही, भत्त्यानं शिकवलं. तू जन्मायच्या आधी टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन मी विजापूर, हुबळी, दावणगिरी करत बंगळुरात चिकपेटेपर्यंत यायचो. (तिकडे चादरीपेक्षा टॉवेल जास्त खपायचे.) पेढी दिवसाला ठरावीक भत्ता द्यायची, आणि खाऊन-राहून त्यातलं जे उरेल ते आपलं. तुझ्या आईचं पहिलं शिलाई मशीन त्या उरलेल्यातून आलंय. त्यामुळे गावात उतरलो की पहिला तास गिऱ्हाईक शोधण्यात जायचा नाही, जेवण शोधण्यात जायचा.

फसलोही. १९९४ सालची गोष्ट, गावाचं नाव कशाला सांगू. स्टँडसमोर ट्यूबलाइट लावलेलं मोठं हॉटेल, भिंतीवर साठ पदार्थांचा बोर्ड, डोसा ते चायनीज. संध्याकाळचे सहा, आत मी एकटा. पंखा होता म्हणून बसलो, खरं कारण एवढंच. रात्री लॉजवर जे सुरू झालं ते दोन दिवस. नमुन्यांची बॅग उशाला, आणि मी संडास ते कॉट, कॉट ते संडास. शेवटी लॉजवरच्या पोरानं मागच्या आळीतल्या एका बाईच्या मेसमधून दहीभात आणि लोणच्याची फोड आणून दिली. स्टीलचा डबा, झाकणाला फडक्यात बांधलेलं मीठ. तो दहीभात मी अजून विसरलो नाही. बरा झाल्यावर डबा परत द्यायला गेलो. आठ पानं वाढलेली होती, बोर्ड नव्हताच. पुढं नऊ वर्षं त्या गावात मी दुसरीकडे जेवलो नाही.

तेव्हापासून लांब यादीची मला धास्तीच बसली. आणि लोक सांगतात रिक्षावाल्याला विचारा, तेही मला पटत नाही. तो बिचारा रिक्षा उभी करायला जागा मिळेल तिथं जेवतो. मी केशकर्तनालयात विचारायचो. न्हावी दिवसभर दुकान सोडू शकत नाही, त्याचा चहा आणि जेवण चालत पाच मिनिटांच्या आतलंच असतं, आणि वर्षानुवर्षं तेच असतं. बँकेचा शिपाईसुद्धा चालतो.

आता तुझ्या कामाचं. भाकरीची आठवण येते म्हणालास ना? बंगळुरात ज्या पाट्यांवर "खानावळी" लिहिलेलं असतं त्या शोध. शब्द आपलाच आहे, उत्तर कर्नाटकातली मंडळी तो घेऊन तिकडे गेली. पुष्कळांची नावं बसवेश्वरांवरून असतात. आत जोळद रोट्टी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, थोडी पातळ. कडक हवी असली तर कडकही मिळते. सोबत एण्णेगायी, म्हणजे तेलावर परतलेली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा आणि मेथीची कोवळी पानं. त्या मेथीला तू लहानपणी "गवत" म्हणायचास. पाट्या कन्नडमध्ये असतात, तेवढी अक्षरं शिकून घे. अकरा महिन्यांत "स्वल्प" (थोडं) आणि "गुरू" (मित्रा) एवढंच शिकलास, हे काही बरं नाही. तिकडे माणूस भेटला की "ऊटा आयता?" विचारतात, जेवण झालं का. ज्या गावात रामराम म्हणायच्या ऐवजी जेवणाचं विचारतात तिथं उपाशी राहणं किंवा वाईट खाणं, दोन्हीला निमित्त नाही.

तुझे मित्र मला रविवारी नावाजलेल्या ठिकाणी घेऊन गेले, त्यांचं प्रेम कळलं. पण दीड तास रांगेत उभं राहून डोसा खायचा तर तो देवदर्शनासारखा, वर्षातून एकदा. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं आहे, एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड रचून येणारा वेटर बघायला एकदा जाच. शुक्रवार सोडून, त्या दिवशी बंद असतं. लालबाग रोडचं एमटीआर १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा त्यांनी रव्याची इडली काढली, ती आता आपल्या सोलापुरात लग्नाच्या नाश्त्याला असते. हे सगळं बघून ये. रोजचं ठिकाण मात्र चालत जाता येईल असंच हवं, पाऊस पडत असला तरी.

म्हैसूरला गाडी घेऊन गेलात आणि वाटेत फूड कोर्टात बर्गर खाल्लात, ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्या रस्त्यावर बिडदीला तट्टे इडली मिळते, ताटलीएवढी, वर लोण्याचा गोळा. मद्दूरला मद्दूर वडा, कांदा घातलेला, चपटा आणि खुसखुशीत. मी तो रेल्वेच्या खिडकीतून घ्यायचो, कागदाला तेल सुटायच्या आत संपायचा. पण २०२३ च्या मार्चमध्ये तो नवा मोठा रस्ता सुरू झाला आणि बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, सगळी गावं बाजूला पडली. गाड्या वरून सुसाट जातात आणि खालचा धंदेवाला रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतो. पुढच्या वेळी एका ठिकाणी तरी खाली उतरा. अर्धा तास जाईल, जाऊ दे. चन्नपट्टणला लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी मिळतात, ताईच्या छोटीला एक भिरभिरं आण. हमरस्त्यावरच्या शोरूममधून नको. गावात कातारी बसलेले असतात, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की रंग कसा चढतो ते उभं राहून बघ आणि तिथंच घे.

दुकानांचंही तेच. तुझ्या चौकात हॉपकॉम्सचं दुकान आहे, तुला ते पोलीस चौकी वाटलं होतं. ती बागायतदारांची सहकारी संस्था, १९५९ साली द्राक्षवाल्यांनी सुरू केलेली. भाव फळ्यावर लिहिलेला असतो, घासाघीस नाही. मी तिथून केळी आणि काकड्या घेतल्या, त्या तुझ्या फ्रिजमध्ये आहेत, सडायच्या आत खा. भाजी जास्त लागली तर मडिवाळ्याचा बाजार. दर्शिनीच्या शेजारी अय्यंगार बेकरी आहे, आपल्या सात रस्त्याजवळच्या बेकरीवर असतो तसाच बोर्ड. तिथला खारा बन चार वाजता निघतो. पुस्तकं अवेन्यू रोडला जुनी घे, चिकपेटेला लागूनच आहे. तिकडे गेलास तर गल्लीच्या तोंडाशी एक उसाच्या रसाचा गाडा असायचा, आहे का बघ. असेल असं वाटत नाही.

हो, तुझ्या निळ्या शर्टाचं बटण मी लावून आणलं. बेकरीच्या वरच्या जिन्यावर एक शिंपी बसतो, वीस रुपये घेतले. तू तो शर्ट टाकून देणार होतास.

आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधतेय, पार्सलनं पाठवतो. चटणी फ्रिजमध्ये ठेवू नकोस. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येशील ना? तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळी दारात उभा राहून आलास.

एक काम राहिलं. त्या दर्शिनीत पासष्ट रुपये झाले तेव्हा माझ्याकडे साठ सुटे होते आणि बाकी एक पाचशेची नोट. गल्ल्यावरच्या माणसानं नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "परवागिल्ला, नाळे कोडि." राहू दे, उद्या द्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या मित्रांनी रांगेत नेलं, तिसऱ्या दिवशी माझी गाडी होती. म्हणजे मी त्याचे पाच रुपये देणं लागतो. पिंपळापासून तिसरी गल्ली, गल्ल्यामागे गणपतीचा फोटो, माणूस चष्मेवाला, कपाळाला विभूती. सातच्या आत जा, नंतर गर्दी होते. ते फोनवरून पाठवता येतात हे मला माहीत आहे. पण नाणं घेऊन जा, आणि सांग, सोलापूरच्या टॉवेलवाल्यानं पाठवलंय.

तुझा,
अप्पा