चिप तुटेना!

भांडुप, मुंबई
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. बोटाला काय झालं म्हणून फोनवर विचारलंस, तेव्हा लाजेने टाळलं. लेथच्या चकला, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्याला, गुंडाळलेली चिप (धातू कापताना निघणारी साल) हाताने ओढली, चार टाके पडले. चिप ओढायचा हुक समोरच टांगलेला होता. मामांनी झापलं ते वेगळंच.

जॉब, म्हणजे कापायचं काम, तीनशेचार स्टेनलेसच्या पिनांचा. बीड (ओतीव लोखंड) लावलं की काळा भुगा पडतो, कुणाला काही त्रास नाही. तीनशेचार मात्र चिवट. हातभर लांब, धारदार वेटोळी सुटतात. फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, ०.०८ मिलिमीटर; कटची खोली अर्धा मिलिमीटर. इन्सर्टला, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याला, चिप मोडायची खाच (चिपब्रेकर) होती, पण एवढी पातळ चिप त्या खाचेला नीट भिडतच नाही. मी स्पीडशी खेळत बसलो. मामा म्हणाले, "अरे, फीड वाढव."

०.१८ फीड, एक मिलिमीटर कट, आणि ट्रेमध्ये ९ च्या आकड्यासारखे तुकडे टपटप पडायला लागले! वर्तमानपत्राचा कागद वळतो, पुठ्ठा मोडतो, तसंच हे. चिप जाड आणि वळण आवळ, की तिच्यावर ताण चढतो. मग ती जॉबवर नाहीतर टूलवर आपटली की तुटते. फिनिश मात्र घसरली. टूलचं नाक (टोकाची गोलाई) तेच ठेवलं तर खडबडीतपणा फीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे पाचपट. शेवटचा हात अरुंद खाचेच्या इन्सर्टने ०.१ वर मारला, तेव्हा जमलं.

आता चिप कधी तुटेल ते सांगणारं तुझं सिम्युलेशन. मर्चंट या संशोधकाने १९४५ साली टूलचा कोन आणि घर्षण यांवरून धातू कुठल्या कोनात सरकेल त्याचं सूत्र मांडलं, ते आपण डिप्लोमाला घोकलं. पण ते चिप कशी बनते ते सांगतं. कधी तुटेल, ते नाही. त्यासाठी ती किती वळते, कशावर आपटते आणि मटेरियल किती ताण सोसतं, हे तिन्ही लागतं. मटेरियलचंच बघ ना: तीनशेतीनमध्ये गंधक किमान ०.१५ टक्के असतं म्हणून चिप सहज तुटते, तीनशेचारमध्ये कमाल ०.०३. चिप किती ताणावर तुटते, तो आकडा तू कुठून घेतलास? तेवढं कळव. मला तिथेच शंका आहे.

सोबतच्या पुडीत ०.१८ फीडवरच्या दोन चिपा आहेत. जपून, बोट कापशील. तुझं मॉडेल चिपची जाडी किती सांगतं ते आधी लिहून ठेव. मग पुडी उघड आणि मायक्रोमीटर लाव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अव्या