संत कॅथरीनची अपुरी ओळख

रविवारच्या पुरवणीतील जुने गोवे येथील चर्चवास्तूंवरचा लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण सी कॅथेड्रल ज्या संत कॅथरीनच्या नावे आहे, तिची ओळख ‘पोर्तुगीजांच्या विजयदिनाची संत’ एवढ्यावरच आटोपली, हे खटकले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या फेस्ताच्या (सणाच्या) दिवशी, गोवा घेतला हे खरेच. पण तिची भक्ती त्याच्या कितीतरी शतके आधीची. परंपरेनुसार ती चौथ्या शतकाच्या आरंभीची, अलेक्झांड्रियातील तरुण विदुषी. रोमन सम्राटाने तिच्याशी ख्रिस्ती धर्मावरून वाद घालायला पन्नास पंडित बोलावले आणि ते हरले. मग तिला चाकावर मारण्याची शिक्षा झाली. चाकच मोडले, तेव्हा तिचा शिरच्छेद केला. म्हणून युरोपात तत्त्वज्ञ आणि विद्यार्थी तिला आपली पाठीराखी मानत आले. तिच्या चरित्राला समकालीन पुरावा नाही. त्यामुळे १९६९ मध्ये चर्चने तिचा स्मृतिदिन सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला आणि २००२ मध्ये तो पुन्हा घेतला. हेही वाचकांना कळायला हवे होते.

कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर, सोनेरी मुलाम्याच्या कोरीव फलकांत, तिचीच कथा आहे. लेखात मोठ्या घंटेचे सविस्तर वर्णन आहे, या फलकांचा मात्र उल्लेखही नाही. पर्यटक वेदीसमोर मान वर करून उभे राहतात, पण कोरलेले प्रसंग कोणते हे त्यांना कोणी सांगत नाही. लेखमालेच्या पुढील भागात ही माहिती जरूर द्यावी.

– एक वाचक, फोंडा