आजीचे साचे पाठवतोय

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा आजीचं तेरावं झालं. पाहुणेही गेले. तुला रजा मिळाली नाही, याचं तू फार मनाला लावून घेतलंयस, ते नको. शेवटच्या आठवड्यात तुझा फोन मी तिच्या कानाशी धरला होता ना, तेव्हा तिने डोळे उघडले होते. तुझा आवाज तिला कळला होता.

काल माळ्यावरून तिची ट्रंक काढली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुठ्ठ्याचे साचे सापडले. हत्ती, पोपट, कमळ, चंद्रकोर. कडा हाताळून मऊ पडल्यात. हत्तीच्या पाठीवर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'लाल. शिवण आतून.'

तू पाहिलीस ती गुडघे धरून बसणारी आजी. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली आजी वेगळीच होती रे. आजोबा शेडमध्ये फिटर. पगार बेताचा, पण रेल्वेचा पास हातात आला की ही आठ दिवस आधीच होल्डॉल बांधायला घ्यायची. रामेश्वर, हंपी, अमृतसर, सगळं मी तिच्या मांडीवर बसून पाहिलं. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास कोरून घेतलाय, तोही मराठीत. इतक्या लांब आपली भाषा दगडावर बघून ती हरखून गेली. ओळीखाली बोट धरून वाचत राहिली. मी भुकेने रडत होतो, तरी हलेना.

१९७२ च्या हिवाळ्यात आम्ही जगन्नाथपुरीला गेलो. भुवनेश्वरहून पुरीच्या वाटेवर पिपिली नावाचं गाव लागतं. तिथले दर्जी जगन्नाथाच्या रथासाठी कापडाच्या तुकड्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. दुकानांतून रंगीत छत्र्या, चांदवे, कंदील टांगलेले. एका म्हाताऱ्या दर्ज्याजवळ आई ठाण मांडून बसली. त्याला मराठी येत नव्हतं, हिला उडिया. तो तुकडा कापायचा, कड आत दुमडायचा, टाका घालायचा. मग कापड हिच्या हातात द्यायचा. टाका चुकला की उसवून परत. आमची पुढची बस गेली. निघताना त्याने दिलेल्या तुकड्यांवरूनच तिने घरी आल्यावर हे साचे कापले.

पुढे ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला. वीस दिवस चालला. आजोबाही संपात होते. आमच्या लायनीतल्या काहींना पकडून नेलं, काहींची नोकरी गेली. मी अकरा वर्षांचा होतो. शेजारच्या काकूंकडे दोन दिवस चूल पेटली नव्हती, ते आईला त्यांच्या धाकट्याने आमच्याकडे शिळी भाकरी मागितली तेव्हा कळलं. त्या रात्रीपासून आमच्या घरी पिठलं दुप्पट व्हायला लागलं. घरात होतं किती, तेही मला माहीत आहे. तरी तिने कोणाला परत पाठवलं नाही.

संप मिटला, पण ज्यांची नोकरी गेली त्यांचे हाल सुरूच होते. श्रावणात आईने हे साचे बाहेर काढले. घराघरांतून जुनी लुगडी, परकर, काठांचे तुकडे गोळा केले आणि लायनीतल्या सात बायकांना बसवून कापडाचे आकाशकंदील शिवायला शिकवलं. बांबूच्या कामट्या आम्ही पोरं तासायचो. दिवाळीत ते कंदील बाजारात विकले. मिळालेले पैसे तिने ज्या घरात मिळकत नव्हती त्या घरांत वाटले. आमच्या दारात त्या वर्षी कंदील नव्हता, कारण शेवटचा कंदीलही तिने विकला होता. मी रुसलो होतो. ते आठवलं की आजही घशाशी येतं.

तिची इतकी बोटं टोचलेली मी पाहिली, पण कंटाळलेली कधी पाहिली नाही.

साचे कुरिअरने तुझ्याकडे पाठवतोय. दिवाळीला दीड महिना आहे. कामट्या तिकडे मिळाल्या नाहीत तर कळव, मी पाठवतो. कड बोटभर आत दुमड आणि टाका बारीक घाल. झिरमिळ्या कागदाच्या लावणार असशील तर खळ घरीच कर. कणीक पातळ शिजवायची आणि चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतं, हात स्वच्छ धू. हत्ती लालच कर.

तुझा,
बाबा