शिधा थांबू नये म्हणून : क्षयरुग्णांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत आपल्या मंडळाची ओळख करून द्यायची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. क्षयरुग्णांच्या घरी दरमहा जाणारा शिधा पुढच्या महिन्यात थांबायची वेळ आली आहे.

हे काम उभे राहिले ते आपल्या सायझिंगवाल्या (सुताला खळ देणाऱ्या) काकांमुळे. त्यांच्याकडच्या एका कामगाराने दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला गेला, अंगात बळ आले आणि त्याने औषध सोडले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आजार, आणि या खेपेला घरातल्या मुलीलाही. काकांना ते फार लागले. पहिली तीन वर्षे तांदळाची पोती त्यांच्याच टेम्पोतून गेली. पावतीवर नाव घालू देत नाहीत, म्हणून इथेही घातलेले नाही. किराणावाल्या वहिनी डाळ खरेदीच्या भावाने देतात, वर एक ओंजळ जास्तच. वजनकाटा निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनमधून घेऊन दिला. तो अजून आकडा बरोबर दाखवतो. बाईंच्या वर्गात बसलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

मध्यंतरी एका रात्रपाळीवाल्या रुग्णाकडे गेलो होतो. चार दिवसांच्या गोळ्या पाकिटात तशाच. सकाळी पाळी सुटल्यावर रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळते, शिवाय लघवी नारिंगी झाली म्हणून ‘औषध बाधले’ असे वाटून घाबरलेला. सोबतच्या आशा सेविका ताईंनी सांगितले, अरे, तो रिफाम्पिसिनचा, म्हणजे क्षयाच्या औषधाचाच रंग. रंग दिसतो म्हणजे गोळी पोटात गेली. डॉक्टरांना विचारून गोळ्यांआधी थोडे खायला द्यायचे ठरले. तेव्हा काटा ४१ किलोवर होता, काल ४२ पुढे. त्याच्या बायकोने आकडा स्वतः दोनदा वाचला.

‘रुग्णाला द्या, घरच्यांना शिधा कशाला?’ हा प्रश्न आपल्याच सभेत आला होता. त्याचे उत्तर झारखंडमधून आले. तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांच्या घरी झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाला सगळीकडेच शिधा होता. पण जिथे घरच्यांनाही माणशी महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोकाही ६१ टक्के कमी दिसला. तेव्हापासून आपण घरच्यांनाही देतो. खर्च वाढला तो यामुळे, उधळपट्टीमुळे नव्हे.

सरकारकडून औषध मोफत आहे, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपयेही मिळतात. पण पाच जणांच्या घरात ते हजार रुग्णाच्याच ताटात पडतात असे कोणी समजू नये.

आता थोडे मनातले. गेल्या दिवाळीच्या आवाहनाला पैशांपेक्षा जुने कपडेच जास्त आले. एका सद्गृहस्थांनी रुग्णाच्या हातात पिशवी देतानाचा फोटो मागितला. आम्ही नाही म्हटल्यावर पिशवीही आली नाही. आपल्या गल्लीत कोणाला टीबी आहे हे आम्ही सांगत नाही, सांगणारही नाही. गणपतीच्या वर्गणीला तीन फेऱ्या मारायला कोणी कंटाळत नाही, इथे एक फेरीही जड जाते. असो.

तांदूळ, तूरडाळ, फुटाणे, तेल, दूध पावडर (मुदत बघून) कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत द्यावे, रविवारी बंद, रोख किंवा मंडळाच्या नावे धनादेश, पावती मागून घ्यावी, एका घराची सहा महिन्यांची जबाबदारी घेणाऱ्यांनी आधी खजिनदारांशी बोलावे, मधेच सोडू नये, कपडे नकोत. महिन्यातून दोन सकाळी घरोघरी येणारे चार जण हवेत, मोटारसायकल असल्यास उत्तम. पिशव्या २८ तारखेला भरतो.

आपला,
कार्यवाह