आजी गेल्याला महिना झाल्याची मिस्सा आणि जपमाळ : शुक्रवार

संध्याकाळी 6.15 ला आजींच्या घरी जपमाळ, 7 ला मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी). ठाणे स्टेशनहून रिक्षाने येणाऱ्यांनी तलावपाळीला उतरावं.

शुक्रवार असल्याने दुःखाची रहस्ये (येशूच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग) घ्यायची. पाच दशकं, प्रत्येकात 10 'नमो मारिया' (मरियामातेची प्रार्थना). एकेक दशक एकेका नातवंडाने सांगायचं. अर्धी प्रार्थना सांगणाऱ्याने म्हणायची, अर्धी इतरांनी. पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरे सुरू झाले की आवाज फाटतात आणि मणी चुकतो. आजी शेवटपर्यंत प्रत्येक मण्यावर थांबायच्या, आपणही थांबू या. माळ त्यांचीच आहे. क्रुसाजवळची कडी तारेने बांधलेली आहे, अलगद धरा.

मिस्सेच्या चिठ्ठीवर बाप्तिस्म्याचं नाव लिहा, घरचं नको. मेणबत्त्या काचेत ठेवा, पंख्याने विझतात.